भाड्याच्या शेडमध्ये रोजची मोटार ठेवावी का?

प्रश्न : आम्ही उभयता येत्या जूनमध्ये मुलीकडे कॅनडाला जात आहोत आणि परतायला साधारण चौदा महिने लागतील. माझी 2019 सालची छोटी पेट्रोल मोटार आहे. ती 46,000 किलोमीटर चालली असून बाजारहाट, दवाखाना आणि वर्षातून एकदा पावागड यापलीकडे तिने फारसे काही पाहिलेले नाही. अकोट्यातील आमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात आहे आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तेथे छातीइतके पाणी भरले होते. वाघोडिया रस्त्यावरील एक गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये महिना 2,500 रुपये घेऊन मोटार सांभाळायला तयार आहेत. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी 3,80,000 रुपये देऊ करतो आहे. मांजलपूरचा पुतण्या “काका, माझ्याकडे ठेवा” म्हणतो. पण नात्यात असले व्यवहार नकोत, असे सौ.चे मत आहे. गाडी बंदच राहणार असल्याने विमाही थांबवावा, असे एका मित्राने सुचवले आहे. आपला सल्ला काय?
— एक निवृत्त शिक्षक, अकोटा, बडोदे

उत्तर : चौदा महिने शेडचे भाडे भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत : पुतण्याने मोटार नियमित चालवावी, किंवा जाण्यापूर्वी ती विकावी. सौभाग्यवतींचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी हिशेब पाहू. भाडे चौदा महिन्यांचे 35,000 रुपये होते. विम्याचा एक हप्ता या काळात येणारच. आपल्या मोटारीसाठी तो अंदाजे 9,000 रुपये धरू. परत आल्यावर नवी बॅटरी, ऑइल बदलणे आणि ब्रेकची साफसफाई यांसाठी आणखी 10,000 रुपये बाजूला ठेवा. म्हणजे खिशातून 54,000 रुपये गेले आणि त्या बदल्यात आपल्या हाती आली ती चौदा महिन्यांनी आणखी जुनी झालेली तीच मोटार. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात गाडीची निम्मी किंमत पहिल्या पाच वर्षांतच उडालेली असते, त्यानंतर घसरण मंदावते. तरीही वर्षाला दहा टक्के धरले, तर आज 3,80,000 रुपयांची मोटार तेव्हा 3,36,000 रुपयांच्या आसपास असेल. गाडी उभी होती की चालत होती, याच्याशी या घसरणीचा संबंध थोडाच असतो, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा नोंदणीचे साल विचारते. शिवाय बाजारभाव आपल्या गैरहजेरीत कसाही हलू शकतो; 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त होताच जुन्यांच्या किमतींवरही त्याचा दाब आला, हे आपण पाहिलेच असेल.

आता विक्रीचा हिशेब मांडू. 3,80,000 रुपये साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर चौदा महिन्यांत सुमारे 29,000 रुपये व्याज होते, म्हणजे हाती 4,09,000 आले. परतल्यावर तशीच मोटार व्यापाऱ्याकडून घेताना त्याचा नफा धरून 4,00,000 आणि नावावर करून घेण्याचा खर्च 10,000 रुपये समजा. जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. शेड आणि विक्री या दोन पर्यायांतील फरक म्हणजे शेडपायी खर्च होणारे पन्नास-पंचावन्न हजार रुपये. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि आपल्या हाती येणारे प्रत्यक्ष भाव वेगळे असतील. पण फरक पुसला जाण्यासाठी बाजार बराच उलटा फिरावा लागेल. विक्रीची खरी किंमत पैशांत मोजता येत नाही. आपली मोटार कशी वापरली गेली हे आपल्याला ठाऊक आहे, विकत घेतलेलीबाबत ते ठाऊक नसते. याच कारणासाठी आम्ही पुतण्याला विक्रीच्या आधी ठेवले आहे.

मोटार सुरक्षित जागी उभी केली की ती जशीच्या तशी राहते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात किल्ली काढून घेतल्यावरही घड्याळ, सेंट्रल लॉक आणि संगणक थोडी थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह 30 मिलिअँपिअर एवढा किरकोळ धरला तरी दिवसाला 0.72 अँपिअर-तास आणि महिन्याला सुमारे 22 अँपिअर-तास होतात. छोट्या मोटारीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 व्होल्टला ती जवळजवळ रिकामी झालेली असते, आणि त्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर आतील पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसून पुन्हा चार्ज करूनही ती पूर्ववत होत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली हे आणखी लवकर घडते. “आम्ही आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करतो” असे शेडवाले हमखास सांगतात. त्याने फारसे साधत नाही. सुरू करताना खर्च झालेली वीज इतक्या वेळात जेमतेम भरून निघते, आणि इंजिन पुरते तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये ओलावा साचतो. मोटार वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर धावली पाहिजे. ते होणार नसेल, तर बॅटरीची काळी, म्हणजे ऋण बाजूची केबल दहा नंबरच्या पान्याने सोडवून ठेवावी. पुन्हा जोडताना घड्याळ लावावे लागेल आणि दार किल्लीने उघडावे लागेल, एवढीच गैरसोय होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी एका पावसाळ्यानंतर मागची चाके सोडत नाही. ती पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरावी. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांवरून त्याचा आठवडा आणि साल कळते (उदाहरणार्थ, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा), आणि आपले टायर मुळातलेच असतील तर परतल्यावर ते तसेही बदलावे लागतील. म्हणून तो खर्च आम्ही शेडच्या खात्यावर टाकलेला नाही. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. दोन-तीन महिन्यांसाठी टाकी भरून ठेवणे ठीक आहे; चौदा महिने तेच पेट्रोल टाकीत राहू देणे ठीक नाही.

जागेच्या प्रश्नाचा विचार मात्र बडोद्यात वेगळा करावा लागतो. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला आणि 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी कित्येक फुटांनी ओलांडली, तेव्हा समा, अकोटा, मुजमहुडा या भागांत तळघरांतील मोटारी अक्षरशः बुडाल्या. त्यानंतर पुन्हा जोराचा पाऊस येताच लोकांनी उड्डाणपुलांवर ओळीने गाड्या नेऊन लावल्या, हे दृश्य आपणही पाहिले असेल. म्हणून अकोट्यातील तळघरात मोटार चौदा महिने सोडून जाणे हा पर्याय आम्ही विचारातही घेतलेला नाही. भाड्याची जागा पैशाला पैसा देते ती याच बाबतीत : जून ते सप्टेंबर हे चार महिने उंचावर, कोरड्यात मोटार उभी राहावी यासाठी 10,000 रुपये देणे आम्हाला शहाणपणाचे वाटते, आणि पुतण्याच्या गल्लीत पाणी भरत असेल तर तेवढ्यापुरती शेड घ्यावी. पण शेड उंचावर आहे हे मालकाच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. स्वतः जावे, भिंतींवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते पाहावे, आणि 2019 व 2024 मध्ये पाणी कुठवर आले होते हे शेजारच्या पानवाल्याला विचारावे. आत धान्याची किंवा फरसाणाची पोती असतील तर तेथून परत फिरावे. उंदरांनी वायरिंग कुरतडले तर दुरुस्तीचे बिल वर्षाच्या भाड्याला मागे टाकू शकते.

शेड घेतलीच, तर पावती लेखी हवी. तिच्यात तारीख, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलची पातळी, असलेले ओरखडे आणि किल्ली कोणाकडे राहील हे नमूद करावे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घेतली पाहिजे. पावतीवर “मालकाच्या जबाबदारीवर” असा शिक्का असला म्हणून सांभाळणारा सर्वस्वी मोकळा होत नाही. दिल्लीतील एका हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवलेली मारुती झेन 1998 मध्ये चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये निकाल देताना, स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल हॉटेलला अशा मजकुराआड लपता येणार नाही, असे म्हटले. अर्थात निकालाला लागलेली वर्षे मोजली, तर न्यायालयापेक्षा आधी शेडचे कुलूप तपासणे सोयीचे, हे सांगायला नको.

विमा थांबवण्याचा सल्ला कृपया मनावर घेऊ नये. पुराचे, आगीचे आणि चोरीचे नुकसान उभ्या गाडीचेही होते, आणि ते भरून देणारी पॉलिसी नेमकी आपण दूर असतानाच बंद असेल. शिवाय मुदत संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो. आपण कधीच दावा केलेला नसेल, तर ही सवलत हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या भागावर 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असू शकते. उलट इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसल्यास ती आताच घ्यावी, कारण बुडालेली मोटार कोणी उत्साहाने सुरू केली आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनाचा तो खर्च सहसा नाकारला जातो. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला हे निक्षून सांगावे : पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायची नाही, थेट टो करून न्यायची.

आता पुतण्याविषयी. आपल्या परवानगीने, वैध परवाना असलेल्या कोणीही मोटार चालवली तरी विमा लागू राहतो, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. नात्यातील कटुता बहुधा पैशांपेक्षा न बोललेल्या अपेक्षांतून येते. तेव्हा पेट्रोल त्याचे, विमा आणि सर्व्हिसिंग आपले, दंडाची पावती आली तर त्याची, आणि अपघात झाल्यास दावा करायचा की खर्च वाटून घ्यायचा, हे सौभाग्यवतींच्या समोरच ठरवावे आणि अर्ध्या पानावर लिहून घ्यावे. पीयूसीची तारीखही त्याच कागदावर असू द्या. इतके स्पष्ट बोलणे घरात जमणार नसेल, तर मोटार विकावी.

विक्री ठरल्यास दोन कामे विमानात बसण्यापूर्वी पुरी करावीत. नोंदणी पुस्तिकेवरील नाव प्रत्यक्षात बदलले आहे का, हे ऑनलाइन पाहून घ्यावे. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे आणि व्यापाऱ्याने गाडी आणखी कोणाला दिली तरी अपघाताच्या भरपाईची नोटीस आपल्या पत्त्यावर येऊ शकते. दुसरे म्हणजे विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते, म्हणजे परतल्यावर घेतलेल्या मोटारीला तीच सवलत मिळेल.

प्रश्न : वडिलांची 1973 ची अँबेसडर रावपुऱ्यातील वाड्यात उभी आहे, वाडा आता पाडायचा आहे. तिच्यासाठी भाड्याची जागा घेणे हाही वेडेपणाच का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : नाही. वरच्या मोटारीसारखी दुसरी मोटार बाजारात केव्हाही मिळते. वडिलांची अँबेसडर गेली तर तशी दुसरी मिळणार नाही, म्हणून येथे भाड्याची तुलना तिच्या बाजारभावाशी करण्यात अर्थ नाही. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात भरलेल्या प्रदर्शनात राजेरजवाड्यांच्या मोटारी मांडल्या होत्या. पण नियमांना राजघराणे लागत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षे पूर्ण झालेली आणि चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेली मोटार “व्हिंटेज” म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढील नूतनीकरणास 5,000 रुपये पडतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. जागा घेताना वर सांगितलेली पाण्याची रेघ आणि उंदीर हे दोन्ही पाहावेत, आणि वाडा पाडण्याआधी मूळ नोंदणी पुस्तक कपाटातून शोधून काढावे. अर्जासोबत ते लागेल.