बुधल्याला शिवण का नसते?

प्रश्न : आजोळचं घर रिकामं करताना माळ्यावर एक चामड्याचं भांडं सापडलं. घागरीसारखं पोट, चिंचोळी मान, आत खवट वास. आई म्हणते, हा तुपाचा बुधला. पण पोटाला कुठेच शिवण दिसत नाही. मग चामड्याला हा आकार दिला कसा? आणि पाण्याने घासून धुतला तर चालेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : धुऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण आधी तो बुधला मोरीतून उचलून कोरड्या जागी ठेवा.

बुधला शिवत नसत, थापत असत. आधी ओल्या मातीचा भरीव साचा करायचा, भांडं आतून जसं हवं त्या घाटाचा. तो वाळला की त्यावर भिजवून लिबलिबीत केलेलं कच्चं कातडं चढवायचं. कच्चं म्हणजे केस काढलेलं, पण बाभळीच्या साली-हिरड्याच्या पाण्यात मुरवून न कमावलेलं. एका मोठ्या तुकड्यात गोल पोट बसत नाही, चुण्या पडतात. म्हणून लहान तुकडे एकावर एक चढवत जायचे आणि मध्ये कातड्याचीच कात्रणं उकळून केलेला सरस लावायचा. तुकड्यांच्या कडा रापीने, म्हणजे चामडं तासायच्या पात्याने, तासून कागदासारख्या पातळ केल्या की जोड बोटाला लागत नाही. तुम्ही शिवण शोधत होतात ना, ती या कडांत लपलेली आहे. बुधला उन्हासमोर तिरपा धरा, पोटावर फिकट-गडद ठिगळं दिसतील.

ओलं कातडं वाळताना आवळतं, त्यामुळे साच्यावर ते आपोआप घट्ट बसतं. खडखडीत वाळलं की बाहेरून हलक्या हाताने ठोकून आतली माती फोडायची आणि मानेतून ओतून टाकायची. साचा एकदाच वापरायचा. बुधला कानाशी धरून हलवून बघा, एखादा खडा अजून वाजेलही.

आता पाण्याचं. कच्चं कातडं पाण्यात पुन्हा फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. तेला-तुपाने त्याला काही होत नाही, उलट ते आत मुरून त्याला जपतं. म्हणून तूप बुधल्यात आणि पाणी पखालीत. पखाल आणि मोट कमावलेल्या कातड्याची, शिवलेली. दोन्ही चामड्याचीच, पण एकाचं काम दुसऱ्याला द्यायची सोय नाही. तेव्हा कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा, उंदरांपासून सांभाळा. उंदराला कच्चं कातडं म्हणजे पापड.

हे काम करणारे लोक डबगर. चामड्याची भांडी हा त्यांचा धंदा, तबले-ढोल मढवणं हाही त्यांचाच. अहमदाबादेत आजही डबगरवाड आहे. राजस्थानात बिकानेरला उंटाच्या कातड्याची कुप्पी अशीच मातीवर घडवतात आणि तिथले उस्ता कारागीर तिच्यावर सोन्याची उठावदार वेलबुट्टी काढतात. त्यांच्यातल्या हिसामुद्दीन उस्तांना १९८६ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पत्र्याचे डबे घरोघर आले आणि बुधला माळ्यावर गेला. सोनं काढणारा त्याला कोणी भेटला नाही.

प्रश्न : जुन्या काळी युरोपातले योद्धे तेलात उकळलेल्या चामड्याचं चिलखत घालत, असं ऐकलं. मी चामड्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, तर तो आखडून काळा पडला. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : माझं जे चुकलं होतं तेच. आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी पायताणं होतात. तळ कापायचं काम पुरुषांचं, वेण्या घालायचं आम्हा बायकांचं. चौदाव्या वर्षी वेण्यांना कंटाळून मी तळाचा एक चांगला तुकडा चुलीवरच्या आधणात टाकला. तळहाताएवढा तुकडा डोळ्यांदेखत लिंबाच्या वाळक्या सालीएवढा झाला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी तो ऐरणीवर ठेवून एक ठोका दिला. बिस्किटासारखे दोन तुकडे.

तुम्ही ऐकलेल्या चिलखताच्या चामड्याचं फ्रेंच नाव ‘क्युर बुई’, म्हणजे उकळलेलं चामडं. पण नावाने फसू नका. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला आखडायला लागतं, कच्चं कातडं तर ६०च्या थोडं पुढेच. आधण १०० अंशांचं. तेल त्याहून तापतं, त्यात तर चामड्याची भजीच होतील.

साध्या गार पाण्यात चामडं बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. बाहेर काढून थोडं सुकू द्या. गालाला लावलं तर गार लागावं, पण दाबल्यावर पाणी निघू नये. या वेळी ते बोट दाबाल तिथे दबतं आणि दबलेलं तसंच राहतं. लाकडी साच्यावर बसवा, दोरीने आवळा, तसंच वाळू द्या. आणखी टणक हवं तर गरम पाण्याचा क्षणभर चटका किंवा वितळलेलं मेण मुरवायचं. इथे घाई केली की आबांचा ठोका आठवायचा.

अशा कामाचा अस्सल नमुना इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये आहे. तिथे १३७६ साली वारलेल्या ‘ब्लॅक प्रिन्स’ या राजपुत्राची ढाल आणि शिरस्त्राण जपलेलं आहे. शिरस्त्राणावरचा तुऱ्यासारखा उभा बिबळ्या घडवलेल्या चामड्याचा आहे, ढालीवरची उठावाची चिन्हंही. माझ्या मते अंगावरच्या चिलखतापेक्षा चामड्याला हेच काम जास्त शोभतं : दिसायला भारदस्त, डोक्यावर हलकं.

तुमच्या प्रयोगातून एक मात्र कळलं. तुकडा सालीत कमावलेला होता. क्रोमचा, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेला, असता तर उकळूनही फारसा आखडला नसता, पण ओला करून दाबला तरी आकार धरत नाही, रबरासारखा परत फिरतो. बाजारातलं मऊ पर्सचं चामडं बहुतेक क्रोमचंच. तेव्हा दुकानात विचारून घ्या.

प्रश्न : नवी कोल्हापुरी चावते. भिजवून पायात घालून वाळवू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मगाचं उत्तर वाचून हे सुचलं असेल तर दोष माझा. पायताणात एकच थर नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. सगळं भिजवलंत तर थर फुगतात, वादी सैल पडते आणि कान, म्हणजे तळाच्या दोन बाजूंच्या पाकळ्या, सुटतात. कानांना आणि चपलेच्या अंगठ्याच्या पट्ट्याला आतून एरंडेल चोळा, रात्रभर ठेवा, मग रोज तासभर घरातच घाला. घामाची ओल आणि पायाची ऊब एवढं पाणी नि एवढा शेक त्याला पुरतो. तळावर अंगठ्याचा खळगा उमटला की बाहेर घालायला हरकत नाही. करकर वाजते म्हणून मात्र तक्रार करू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते.