पोळा कधी फुटतो तेवढं बघ

बाबू,

तुझा मेसेज वाचला, मेसेज कसला, चार स्क्रीन भरून लिहिलं तू. "आत्या, मले कॅन्सरवर औषध शोधायचंय, कुठून सुरू करू" आणि खाली बीएस्सी सेकंड इयरचे मार्क. मार्क ठीक आहेत, माझे याच्यापेक्षा कमी होते, आणि आमच्या वेळी तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोप एकच होता, तोही कपाटात कुलूप लावून, फुटला तर भरून कोण देईल म्हणून. फोन करून सांगितलं असतं तर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करत बसला असता म्हणून लिहून राहिली.

आधी ते "कॅन्सरवर औषध" थोडं बाजूला ठेव. एवढ्या मोठ्या शब्दाला धरून प्रयोगाच्या टेबलावर बसता येत नाही. मी वीसेक वर्षांपासून एकच गोष्ट बघून राहिली, पेशीचे दोन तुकडे होताना कोणतं प्रोटीन कधी मोडून टाकल्या जाते. बनते काय, ते सगळेच बघतात. मोडते काय आणि नेमकं कोणत्या मिनिटाला, ते बघणारे कमी.

पुस्तकात हे फार रुक्ष दिलंय, म्हणून आपल्या गावच्या भाषेत सांगते. पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारासमोर तोरण बांधतात, बैल एकेक करत येतात, रांगेत उभे राहतात, झडत्या चालू राहतात. कुणाची एखादी जोडी अजून वाटेत असली की सगळे थांबतात, आबाजी ओरडतात, पोट्टे कंटाळतात, पण तोरण तुटत नाही. सगळे आले की मानकऱ्याची जोडी पुढे, तोरण तुटलं, पोळा फुटला! मग दोन मिनिटांत पार रिकामा.

पेशीत अगदी असंच होते. माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती कोहेसिन नावाच्या प्रोटीनने एकमेकींना बांधलेल्या, आणि विभाजनाच्या वेळी सगळे मधोमध रांगेत उभे राहतात, दोन्ही बाजूंनी दोऱ्या येऊन त्यांना पकडतात. एकाला जरी दोरी लागली नसेल तरी तो एकटाच "थांबा" असा निरोप पाठवत राहतो आणि सगळी पेशी थांबते. शेवटचाही पकडल्या गेला की एपीसी नावाची एक यंत्रणा सुटते, ती सेक्युरिन नावाच्या प्रोटीनला युबिक्विटिनचा शिक्का मारते, शिक्का लागलेला माल प्रोटिअझोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रोटीन भरडणाऱ्या गिरणीत, जाऊन भरडल्या जातो. सेक्युरिन गेलं की इतका वेळ त्याने दाबून ठेवलेली कात्री, सेपरेज, मोकळी होते आणि ती कोहेसिन कापते. फुटला पोळा. त्याच वेळी पेशीला विभाजनात धरून ठेवणारं सायक्लिन बी नावाचं प्रोटीन पण असंच मोडल्या जाते, म्हणून पेशी विभाजनातून बाहेर पडते. सगळं मिळून तासाभराच्या आसपास, आणि प्रत्यक्ष फुटण्याचं काम काही मिनिटांचं.

आता तू विचारशील, मोडायचं काहून? नुसतं बंद करून ठेवलं तर नाही चालत का? नाही ना बाबू. बंद केलेलं परत चालू होऊ शकते, तोडलेलं तोरण त्या दिवशी पुन्हा बांधता येत नाही. अर्ध्यातून मागे फिरणं पेशीला परवडतच नाही. आणि शेवटच्या जोडीची वाट न पाहता तोरण तुटलं, तर एका घरात तीन बैल आणि दुसऱ्यात एकच, बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये क्रोमोसोमचा हिशोब असाच बिघडलेला दिसतो.

सायक्लिन सापडलं कसं ते तुला आवडेल. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट अमेरिकेत वुड्स होल नावाच्या समुद्रकाठच्या गावी सी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांवर काम करत होता, अंडी फलित झाली की नवीन प्रोटीन कोणती बनतात एवढंच बघायला गेला होता. जेलवर प्रत्येक प्रोटीनची एक पट्टी दिसते, तिला बँड म्हणतात. बाकीचे बँड वेळेनुसार गडद होत गेले, एक मात्र गडद झाला आणि पेशी दुभंगायच्या सुमारास गायब. परत आला, परत गायब. दुसरा कोणी असता तर जेल बिघडलं म्हणून फेकून दिलं असतं. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत. शिक्का मारणाऱ्या युबिक्विटिनचं नोबेल २००४ चं, हर्शको, चिखानोव्हर आणि रोज, तिथेही सुरुवात एका बावळट वाटणाऱ्या प्रश्नापासूनच, की मोडायला पेशी एवढी ताकद का खर्च करते, मोडणं तर फुकटात व्हायला पाहिजे ना. बावळट प्रश्न विचारायला लाजू नको, मी इंग्रजी कच्चं म्हणून दोन वर्षं लाजत बसली.

आता माझी फजिती सांगते. पीएचडीचं तिसरं वर्ष, एका मोठ्या शहरातली लॅब. मला दाखवायचं होतं की माझं प्रोटीन पटापट मोडल्या जाते. त्यासाठी सायक्लोहेक्झिमाइड टाकतात, त्याने नवीन प्रोटीन बनणं थांबते, मग ० मिनिटं, ३०, ६०, १२० असे नमुने घ्यायचे आणि वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे त्या एकाच प्रोटीनचा बँड बघायचा. बँड एकदम छान फिका होत गेला, मी तर नाचलीच. चार महिने तेच परत परत केलं, पोस्टर पण बनवलं. मग एका सिनियरने विचारलं, एमजी १३२ टाकून पाहिलं का? नव्हतं पाहिलं. टाकलं, प्रोटिअझोम बंद केलं, तरी बँड फिकाच! मायक्रोस्कोपखाली बघते तर पेशी मरून तरंगत होत्या. डायल्युशनमध्ये माझं एक शून्य चुकलं होतं, सायक्लोहेक्झिमाइड दहापट जाऊन राहिलं होतं. शेजारचा अ‍ॅक्टिनचा बँड, जो सारखाच राहायला पाहिजे, तो पण हळूहळू उतरत होता, तो मी पाहिला होता बरं का, पण न पाहिल्यासारखं केलं.

हे घरच्या कणगीसारखं समज. ज्वारी टाकणं थांबवलं आणि तरी पातळी खाली जाऊन राहिली, म्हणजे कोणीतरी खाते. पण उंदीरच खाते हे म्हणायचं असेल तर आधी बीळ बुजव. बीळ बुजवूनही ज्वारी कमीच होत असेल तर खाणारा दुसराच कोणी. सायक्लोहेक्झिमाइड म्हणजे टाकणं बंद, एमजी १३२ म्हणजे बीळ बुजवणं, दोन्ही केल्याशिवाय प्रोटिअझोमचं नाव घ्यायचं नाही.

औषधांचं म्हणशील तर तुझ्या अंगणातच आहे, सदाफुली. विनक्रिस्टिन तिच्यापासूनच मिळते, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात. ते पेशीतल्या दोऱ्याच बनू देत नाही, म्हणजे एकही बैल पकडल्या जात नाही, तोरण तुटत नाही, पेशी तासन् तास तशीच उभी. बऱ्याच पेशी तिथेच मरतात. काही मात्र चलाख असतात, कारण सायक्लिन बी त्या थांबलेल्या काळातही थोडं थोडं झिजतच राहते, एका पातळीखाली गेलं की पेशी पोळा न फुटताच मागच्या बोळीतून घरी निघून जाते. हा झिजण्याचा वेग आणि मरण्याचा वेग, कोण आधी, याच्यावर अजून कितीतरी काम बाकी आहे, तुझ्यासारख्याला पुरून उरेल. (आणि तुझी आजी साखरेसाठी सदाफुलीची पानं चावते म्हणे, ते आधी बंद कर, विषारी आहे ती. औषध डॉक्टर शिरेतून मोजून देतात, पाल्यातून नाही.)

दुसऱ्या टोकाचं औषध म्हणजे बोर्टेझोमिब, ते प्रोटिअझोमच अडवते, अमेरिकेत २००३ पासून मायलोमाला, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरला, वापरतात. मायलोमाच्या पेशी अँटिबॉडीचा इतका माल बनवतात की कचरा उचलणारी गाडी थांबली की त्याच आधी गुदमरतात. आणि व्हायरसही ही यंत्रणा वापरतात. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधला एचपीव्ही, त्याचं ई६ नावाचं प्रोटीन पेशीच्याच एका प्रोटीनला हाताशी धरून पी५३ वर, म्हणजे गाठ होऊ न देणाऱ्या राखणदार प्रोटीनवर, शिक्का मारायला लावते, म्हणजे घरच्याच चावीने घर लुटायचं. तुझ्या बहिणीच्या लसीचं पीएचसीत विचारून घे. पानठेल्यावरच्या खर्र्याचं मात्र मी तुला काही सांगत नाही, तू खात नाहीस असं समजून चालते.

परीक्षांचं पटकन सांगते. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम दे, एमएस्सी करताना सीएसआयआर नेट. संशोधन संस्था बघायच्या तर पुण्याचं एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, हैदराबादचं सीसीएमबी, तिथल्या लोकांची पानं उघडून ते काय करतात ते वाच आणि मगच मेल कर, सगळ्यांना एकच मेल पाठवला की लगेच कळते बाप्पा, आम्ही ते न वाचताच पुढे सरकवतो.

पण त्याच्या आधी एक काम. ग्लासात पाणी घेऊन त्यावर कांदा ठेव, तीन-चार दिवसांत मुळं फुटतील, सकाळी टोकं काप आणि कॉलेजात अ‍ॅसिटोकार्मिन हा रंग लावून स्लाइड बनव, कुलूप लावलं असेल तर सरांच्या मागे लाग. पाचशे पेशी मोज. किती नुसत्याच बसल्या आहेत, किती रांगेत उभ्या आणि किती फुटताना सापडल्या ते तीन रकाने करून लिही. फुटतानाच्या फार कमी सापडतील, का ते मला विचारू नको, तू आकडे बघून सांग. फोटो पाठवू नको, आकडे पाठव. आणि मोजताना चुकला तर खोडू नको, बाजूला नीट लिही.

आत्या