तिने अंगठा टाकला आणि तुझी झोप उडाली

पत्र थोडक्यात असं आहे: 'मावशी, मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते, वय ४३. दोन महिन्यांपूर्वी घंटागाडी आली नाही म्हणून ओल्या कचऱ्याची बादली जिन्यात ठेवली होती. कमिटीतल्या एका काकांनी तिचा फोटो काढून फ्लॅट नंबरसकट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, काहींना जिना म्हणजे उकिरडा वाटतो. समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण, जिच्याकडे माझ्या घराची चावी असायची, तिने त्यावर अंगठा टाकला. रात्री मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, मग डिलीट केला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मुलगा म्हणतो ग्रुपमधून लेफ्ट हो, मिस्टर म्हणतात अ‍ॅडमिनवर केस टाकू. आता आम्ही चौघींनी वेगळा ग्रुप काढलाय, तिला सोडून. काय करू?'

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली, फोटो टाकणाऱ्या काकांवर तू जेमतेम दोन ओळी लिहिल्यास आणि अंगठ्यावर पूर्ण दीड पान. म्हणजे दुखणं कुठे आहे ते तुलाही माहीत आहे.

आधी मिस्टरांचं उरकून टाकू. अ‍ॅडमिनवर केस वगैरे डोक्यातून काढायला सांग. ग्रुपवर दुसऱ्या कोणी काही टाकलं तर नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचाही हात होता हे दाखवावं लागतं, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. आणि कचऱ्याच्या बादलीसाठी कोर्टाची पायरी चढायची, तेही ज्यांच्याबरोबर रोज लिफ्टमध्ये उभं राहायचं त्यांच्या विरोधात? सोड.

मुलाचं म्हणणंही मला फारसं पटलं नाही. २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त अ‍ॅडमिनला कळतं हे खरं, पण कोण कोण बाहेर पडलं ती यादी ६० दिवस कोणालाही बघता येते, आणि तुमच्यासारख्या सोसायटीत ती बघणारे असतातच. शिवाय पाणी कधी येणार नाही, टाकी कधी धुणार, लिफ्टवाला कधी येतोय हे सगळं तिथेच येतं ना. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आल्याचा २०१९ चा व्हिडिओ आजचा म्हणून कोणीतरी टाकणार, मग खरंच गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालाय का ते विचारायलाही लोक तिथेच येणार. तेव्हा ग्रुपमध्ये राहा, नोटिफिकेशन कायमचं म्यूट कर आणि चॅट अर्काइव्हमध्ये टाक, नवीन मेसेज आला तरी ते वर येऊन बसत नाही. सकाळी एकदा, रात्री जेवणं झाल्यावर एकदा बघ, बास.

आता तू जे करतेयस ते. रोज ग्रुपवरच्या तुझ्याच मेसेजवर बोट दाबून इन्फो उघडतेस आणि कोणी कोणी वाचलं ते बघत बसतेस, हे तूच लिहिलंयस. निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या तेव्हापासून कितीतरी घरांत यावरून वाद झालेत आणि रीड रिसीट बंद केली तरी ग्रुपला ती लागूच होत नाही, म्हणजे तुझ्यासारख्या बाईला रात्रभर पुरेल एवढा माल तिथे पडलेला असतो. बरं, बघून कळतं काय? अमक्याने नऊ वाजून वीस मिनिटांनी वाचलं. तो तेव्हा हसला की हळहळला की दूध उतू जात होतं म्हणून नुसता स्क्रोल करून पळाला, हे तर त्यात लिहिलेलं नसतं.

अंगठ्याचंही तसंच. मेसेजवर थेट अंगठा द्यायची सोय २०२२ मध्ये आली आणि लोक तो कशावरही देतात, टाकी धुणार, अंगठा, मेंटेनन्स भरा, अंगठा, कोणाचे सासरे गेले त्यावरही एखादा अंगठा पडतो आणि मग बाकीचे त्याला झापतात. तिने 'वाचलं' म्हणून दिला असेल, कमिटीवाल्यांना बरं वाटावं म्हणून दिला असेल.

पण एक तिसरी शक्यता आहे आणि ती तू पूर्ण पत्रात कुठेही लिहिलेली नाहीस. ती समोर राहते. म्हणजे बादलीचा वास तिच्याच दारात येत असणार. कदाचित त्या दिवशीच नाही, आधीही. तिला ते खटकत असेल आणि मैत्रिणीला कसं बोलायचं म्हणून ती गप्प बसली असेल, मग काकांनी बोलून टाकलं तर हिने अंगठा देऊन मोकळं होऊन घेतलं. मला तरी हेच जास्त खरं वाटतं, राग आला तरी चालेल. आमच्या पिढीत हे भांडण जिन्यातच झालं असतं, 'अगं ती बादली उचल की, माशा येतायत', तूही दोन शब्द ऐकवले असतेस आणि संध्याकाळी पुन्हा चावी तिच्याकडेच. आता तेच वाक्य बहात्तर फ्लॅटसमोर येतं आणि मग प्रश्न बादलीचा राहतच नाही, अब्रूचा होतो. तू तो रात्रीचा मेसेज उडवलास तेही असंच फसलं बघ, 'हा मेसेज डिलीट केला' एवढी ओळ मागे राहते आणि ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही खाज सुटते की हिने लिहिलं तरी काय होतं.

तो चौघींचा ग्रुप आजच बंद कर. हे मी आग्रहाने सांगतेय. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, २०१६ पासून आहेत, पण ते वाटेत कोणी वाचू नये म्हणून. ज्या बाईच्या फोनवर ते पोचले तिच्या हातात स्क्रीनशॉट आहेच की! तू तिच्याबद्दल तिथे जे जे टाइप केलंयस ते एक दिवस समोरच्या दारात पोचणार, आणि मग खरंच काही दुरुस्त होणार नाही.

काकांचं काय, तर त्यांना सोडायचं नाही पण ग्रुपवर उत्तरही द्यायचं नाही. सेक्रेटरीला कागदावर चार ओळी दे, बादली मी ठेवली होती, घंटागाडी आली नव्हती, पुन्हा ठेवणार नाही, पण फ्लॅट नंबरसकट फोटो टाकण्याआधी बेल वाजवायला हवी होती. पोच घे. आणि त्यातच सुचव की नोटिसांचा ग्रुप वेगळा करा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतील, ही सेटिंग २०१८ पासून आहे आणि अर्ध्या सोसायट्यांचे तंटे तिच्यामुळे कमी होतील असं माझं मत. तशीही वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यायची असते आणि बोर्डावरही लावायची असते, ग्रुपवर टाकली म्हणजे झालं असं नाही.

राहिली मैत्रीण. तिला मेसेज करू नकोस, 'बोलायचं होतं' असाही नको, त्यावरही ती अंगठाच देईल आणि तू पुन्हा रात्रभर जागी. सरळ बेल वाजव. प्रस्तावना नको, 'त्या दिवशी तू अंगठा दिलास ते मला लागलं, आणि बादलीचा तुला त्रास होत होता का गं?' ही दोन वाक्यं एका दमात म्हण. पहिलंच म्हणून थांबलीस तर ती सफाई देत बसेल, दुसरंच म्हटलंस तर तू आतून कुढत राहशील. मग ती जे बोलेल ते ऐक, मधे तोडू नकोस, वास येत होता म्हणाली तर येत होता.

शनिवारी दुपारी जा, रविवारी तिच्याकडे सासरची माणसं असतात असं तूच लिहिलंयस.