अपार्टमेंटमध्ये राहून, पूर्ण विजेवर चालणारा आणि गाडीत घालून नेता येईल असा होम ब्रूइंग सेटअप कसा बनवायचा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहता, बाल्कनीत गॅसचा बर्नर चालू देत नाहीत, बॅच पाच गॅलनची हवी, सेटअप उचलून मित्राच्या गॅरेजमध्येही नेता आला पाहिजे, आणि विचारलंय की कंट्रोलर कोणता घ्यावा. कंट्रोलरचं शेवटी बघू. या सगळ्यात सर्वात कमी महत्त्वाचा भाग तोच आहे. पाणी ६७ अंशांवर धरून ठेवणं कुठल्याही पीआयडीला, म्हणजे तापमान नियंत्रकाला, जमतं. गाडी अडते ती भिंतीतल्या सॉकेटपाशी.

मॅश, बॉइल, हॉप्स, यीस्ट हे तुम्हाला येतं असं धरतो.

आधी हिशेब. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर हवी तर पिशवीतल्या मॅशला, म्हणजे भांड्यातच पिशवीत दाणा भिजवायच्या पद्धतीला, सुरुवातीला साधारण २८ लिटर पाणी लागतं. ते २० अंशांवरून ६८ वर न्यायला सुमारे ५,६०० किलोज्यूल. ५,५०० वॅटचं एलिमेंट हे १७ मिनिटांत करतं. १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर, सतत चालणारा भार सर्किटच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा हा नियम पाळून, तुम्हाला १,४४० वॅटच मिळतात. तिथे याच कामाला तास-सव्वा तास जातो. मॅशनंतर उकळीपर्यंत पुन्हा पाऊण ते एक तास. आणि उकळी फुटली तरी ती लाजत-लाजत फुटते, कारण तासाला एक लिटर पाण्याची वाफ करायलाच ६२७ वॅट लागतात आणि वर भांड्याच्या अंगातून उष्णता जाते ती वेगळीच.

म्हणून लोक म्हणतात २४० व्होल्टच घ्या. घ्या की, पण मित्राच्या गॅरेजमध्ये ते नसलं तर? भांड्यात दोन एलिमेंटं बसवायचीही गरज नाही. २४० व्होल्ट, ५,५०० वॅटचं वॉटर हीटरचं एकच एलिमेंट घ्या, अल्ट्रा लो वॅट डेन्सिटीचं, म्हणजे पृष्ठभागाच्या मानाने वॅट कमी असलेलं, दुमडून लांब केलेलं. त्याचा रोध साधारण साडेदहा ओहम. तेच एलिमेंट १२० व्होल्टला लावलं की व्होल्टेज निम्मं, पॉवर पाव: १,३७५ वॅट, साडेअकरा अँपिअर. १५ अँपिअरच्या सर्किटवर बरोबर बसतं. घरी कपड्यांच्या ड्रायरच्या २४० च्या आउटलेटवर पूर्ण बॅच, दुसरीकडे साध्या सॉकेटवर अर्धी बॅच. भांडं तेच, कंट्रोलरचा डबा तोच, फक्त समोरची वायर बदलायची.

यासाठी डबा मात्र डोकं लावून जोडावा लागतो, आणि ९० टक्के आकृत्यांमध्ये इथेच घोळ आहे. त्या आकृत्यांत पंप १२० चा, दिवे १२० चे, काँटॅक्टरची, म्हणजे विजेनेच चालणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल १२० ची. म्हणजे २४० च्या डब्यातही न्यूट्रल आणावा लागतो, आणि १२० वर चालवायचं तर सगळं वेगळं जोडावं लागतं. त्यापेक्षा डब्यातली सगळी छोटी कामं २४ व्होल्ट डीसीवर टाका. १०० ते २४० व्होल्ट काहीही चालणारा २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय मिळतो, पीआयडीही १०० ते २४० वर चालतो, पंप २४ व्होल्टचा ब्रशलेस, काँटॅक्टरची कॉइल २४ डीसीची. मग डब्यात दोनच मुख्य वायरी आणि एक अर्थिंग. २४० ला त्या दोन्ही गरम, म्हणजे जिवंत, १२० ला एक गरम आणि एक न्यूट्रल. डब्याला फरक पडत नाही.

काँटॅक्टर दोन पोलचाच हवा. एसएसआर, म्हणजे पीआयडीच्या इशाऱ्यावर एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, एकच वायर तोडतो, दुसरी थेट एलिमेंटपर्यंत जिवंत असते. शिवाय एसएसआर बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, आणि तो मेला की बहुतेक वेळा चालू स्थितीतच मरतो. पीआयडीवर शून्य टक्के दिसत असतं आणि खाली मॅश उकळत असतो. ४० अँपिअरचा, नामांकित कंपनीचा एसएसआर घ्या, हीटसिंक डब्याच्या बाहेरच्या अंगाला, मध्ये थर्मल पेस्ट. २३ अँपिअरला तो २५-३० वॅट उष्णता टाकतो. बंद प्लास्टिकच्या डब्यात तासाभरात आतली हवा भट्टी होते.

आता मूळ दुखणं: जीएफसीआय, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं उपकरण. आमच्या ब्रूइंग क्लबातले एक गृहस्थ 'जीएफसीआय उगाच ट्रिप होतो' हे वाक्य इतक्या वेळा बोलले आहेत की नवीन मुलं ते खरं मानू लागली आहेत. त्यांचा सेटअप दिसायला देखणा: तीन भांडी, स्टीलची फ्रेम, खाली चाकं, दोन ५,५०० वॅटची एलिमेंटं, ५० अँपिअरचा डबा. चाकांमुळे तो ट्रेलरमध्ये चढतो. पण दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गेला की ३० अँपिअरचं ड्रायर आउटलेट समोर येतं. दोन एलिमेंटं एकदम चालू केली तर ४६ अँपिअर, म्हणजे एका वेळी एकच चालवायचं. इथवर ठीक. पण ते आउटलेट होतं जुन्या पद्धतीचं, तीन पिनांचं. अमेरिकेत १९९६ च्या कोडपासून नव्या वायरिंगमध्ये ड्रायरला चार वायरी लागतात. त्याआधीच्या घरांतल्या तीन पिनांत दोन गरम आणि एक न्यूट्रल, वेगळं अर्थिंगच नाही. त्यांनी अडॅप्टरमध्ये न्यूट्रललाच भांड्याचं अर्थिंग करून टाकलं. याचा अर्थ असा की वाटेत कुठे न्यूट्रल सैल झाला तर स्टीलच्या भांड्याला १२० व्होल्ट. असं आउटलेट दिसलं तर तिथे २४० वर ब्रूइंग करायचंच नाही. साध्या १२० च्या सॉकेटवर अर्धी बॅच काढा.

पुढे त्यांचा जीएफसीआय ट्रिप व्हायला लागला. एलिमेंट चालू, ठीक. पंप चालू केला की खट्. स्पा पॅनल, म्हणजे गरम पाण्याच्या टबासाठीचा ५० अँपिअरचा जीएफसीआय असलेला डबा, बहुतेक जण हाच वापरतात कारण ३० अँपिअरच्या सुट्या जीएफसीआय ब्रेकरपेक्षा तो स्वस्त पडतो. त्यात ब्रेकरची पांढरी गुंडाळलेली शेपटी न्यूट्रलच्या पट्टीला जाते, आणि लोडकडे जाणारा न्यूट्रल ब्रेकरवरच्या स्वतःच्या स्क्रूला. यांनी दोन्ही पट्टीलाच लावलेले. २४० चं एलिमेंट दोन गरम वायरींतून चालतं, त्यामुळे ब्रेकरला हिशेब जुळतो. १२० चा पंप सुरू झाला की करंट ब्रेकरमधून बाहेर जातो आणि परत येताना ब्रेकरला वळसा घालून पट्टीवर येतो. ब्रेकरच्या दृष्टीने तो करंट गळला. पाच मिलिअँपिअरच्या आसपास तो तोडतो, आणि पंपाचा तर अख्खा अँपिअरभर असतो. ट्रिप होणारच! गृहस्थांनी स्पा पॅनल बाजूला काढून सरळ वायर जोडली आणि बॅच पुरी केली. बिअर चांगली झाली होती, हे त्यांचं आजवरचं समर्थन.

जीएफसीआय उगाच ट्रिप होत नाही. कारणं मोजकी आहेत. न्यूट्रल चुकीच्या जागी, जसं वर. दोन सर्किटांतून दोन वायरी आणलेल्या डब्यात दोन्हींचे न्यूट्रल एकाच पट्टीवर. करंट मग दोन्ही न्यूट्रलमधून वाटून परत जातो आणि दोन्ही जीएफसीआय एकदम पडतात. एलिमेंटच्या टोकाशी वाफेचं पाणी साचलेलं. किंवा एलिमेंटमधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पावडरीने ओलावा ओढलेला, जे नव्या किंवा वर्षभर पडून असलेल्या एलिमेंटचं नेहमीचं दुखणं. रबरी गॅस्केट काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवा. बहुतेक वेळा बरं होतं. झालं नाही तर एलिमेंट फेका. एक लक्षात घ्या: स्पा पॅनलचा ब्रेकर ५० चा असला तरी जास्त करंटपासून तुमची वायर वाचवणारा ब्रेकर घराच्या पॅनलमधला ३० चाच असतो. स्पा पॅनल फक्त गळतीसाठी. आणि न्यूट्रल न लागणारा डबा बनवला तर पंपाची ही भानगडच उरत नाही, शेपटी तेवढी पट्टीला लावली की झालं.

दोन वेगवेगळ्या सॉकेटांतून दोन १२० आणून २४० करायची युक्ती कोणी सांगितली तर हात जोडून नमस्कार करा. जीएफसीआय असेल तर ती चालत नाही, आणि नसेल तर एक प्लग उपसला की त्याच्या उघड्या पिनेवर एलिमेंटमधून करंट येतो. तो प्लग तुमच्या हातात असतो.

भांड्याकडे वळू. १० गॅलनचं स्टेनलेस, तळापासून दीड-दोन इंचांवर एलिमेंट. एक इंचाच्या आट्यांच्या एलिमेंटला सव्वा इंचाचं भोक, स्टेप बिटपेक्षा पंचने नीट पडतं. नेहमी हलवणार असाल तर दीड इंचाचं ट्रायक्लॅम्प, म्हणजे पट्ट्याने आवळायचं, फिटिंग लावा. एलिमेंट बाहेर काढून घासता येतं आणि गाडीत आडवं दांडकं बाहेर राहत नाही. एलिमेंटच्या मागच्या डबीतून हिरवी वायर भांड्याच्या धातूला स्क्रूने घट्ट. एलिमेंटपर्यंत १० गेजची रबरी केबल, ट्विस्ट लॉक कनेक्टर. १२० साठीची वायर १२ गेजची, २५ फुटांपेक्षा लांब नको. पन्नास फुटी १६ गेजच्या नारिंगी एक्स्टेंशनमध्ये ५० वॅटच्या वर उष्णता होते. ती गुंडाळीतच ठेवली तर आतलं प्लास्टिक मऊ पडतं.

एलिमेंटच्या वर फॉल्स बॉटम, म्हणजे भोकांची चकती, त्यावर पिशवी. पिशवी एलिमेंटला टेकली की वितळते. पंप भांड्याच्या खाली ठेवा, चुंबकी पंप स्वतःहून पाणी ओढत नाही. व्हॉल्व्ह नेहमी पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, आत येतं त्या बाजूला नाही. मॅश फिरवताना मिनिटाला दोन-तीन लिटर पुरे. हौसेने पूर्ण उघडलात तर पिशवीतला दाणा दबून बसतो, खालचा वॉर्ट, म्हणजे दाण्यातून उतरलेलं गोड पाणी, पंप ओढून नेतो, वरून झिरपत नाही, आणि एलिमेंट उघडं पडतं. उघड्या एलिमेंटवर वॉर्टचा थर काही सेकंदांत जळतो आणि तो धुरकट वास बॅचमधून जात नाही. म्हणून दळण फार बारीक नको, गहू किंवा ओट्स जास्त असतील तर मूठभर भाताची तुसं मिसळा. आणि तापमान वाढवत असताना भांड्याच्या बाजूच्या काचनळीत पातळी बघत राहा. ही नळी दहा-बारा डॉलरची आहे आणि मी कुठल्याही टचस्क्रीनच्या आधी तीच घेईन.

१२० वर असाल तर अडीच गॅलनची बॅच काढा. १५ लिटर पाणी पाऊण तासात मॅशला तयार, नंतर अर्ध्या तासात उकळी. पाच गॅलनच हवी असेल तर भांड्याला बाहेरून कॅम्पिंगची फोमची चटई गुंडाळा, उकळी येईपर्यंत झाकण, मग एक तृतीयांश उघडं. आणि स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या सर्किटवर चहाची साधी इलेक्ट्रिक केटल लावा, १.७ लिटर सहा-सात मिनिटांत उकळतं, ते ओतत राहायचं. अमेरिकेत किचनच्या ओट्याला कमीत कमी दोन २० अँपिअरची सर्किटं कोडनेच असतात. कुठलं सॉकेट कुठल्या ब्रेकरवर ते एक-एक ब्रेकर पाडून टेबल लॅम्पने आधी तपासा, फ्रिज त्यातल्या एकावर निघू शकतो. नळाचं गरम पाणी घेऊन वेळ वाचवू नका. गरम पाणी पाइपांतले धातू जास्त विरघळवतं.

कंट्रोलर: कुठलाही छोटा पीआयडी ज्यात पीटी१०० हा तापमानाचा सेन्सर लागतो, एसएसआरचं आउटपुट आहे आणि पॉवरच्या टक्क्यांवर चालणारा मॅन्युअल मोड आहे. शेवटचं नसेल तर घेऊ नका, कारण उकळी तापमानावर नाही, टक्क्यांवर सांभाळायची असते: २४० ला ५०-६०, १२० ला १००. सेन्सर पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीत टी लावून बसवा. वायफाय, ॲप वगैरे तुमची हौस.

असा घरगुती डबा कुठल्याही संस्थेने तपासलेला नसतो, त्यामुळे घरमालकाचा करार आणि विमा वाचा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पहिली तपासणी करून घ्या, विशेषतः स्पा पॅनलची. अपार्टमेंटमध्ये ड्रायर गॅसचा असेल तर वरचं २४० चं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही, तेव्हा आधी आउटलेट बघा, मग एलिमेंट मागवा. अमेरिकेत स्वतःसाठी वर्षाला एका प्रौढ माणसाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, विक्री अजिबात नाही. हे वाचून पुण्या-मुंबईहून कोणी विचारेल: तिकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे त्या वायरिंगचे प्रश्न मला पाठवू नका.