हलके रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

प्रश्न : मी मुलुंडला राहणारा ६६ वर्षांचा निवृत्त अभियंता असून मला स्वसंरक्षणासाठी .३२ बोअरच्या शस्त्राचा परवाना नुकताच मिळाला आहे. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा संधिवाताने दुखतो आणि पत्नीचा हात लहान आहे. आम्हा दोघांनाही वापरता येईल असे हलके रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे विक्रेता सांगतो. मेहुण्यांचा आग्रह मात्र पिस्तुलाचा आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘दोघांनाही’ हा शब्द आपल्याला आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नव्हे. पत्नीला शस्त्र हाताळायचे असल्यास त्यांनी स्वतंत्र अर्ज करावा. निवड आपल्याच हातासाठी करायची आहे, आणि त्या हाताचा दुखरा अंगठा हाच येथे निर्णायक मुद्दा आहे.

पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, काडतुसे भरताना प्रत्येक काडतूस स्प्रिंगच्या विरोधात अंगठ्याने दाबावे लागते. शिवाय पहिली गोळी नळीत आणण्यासाठी आणि एखादे काडतूस न उडाल्यास ते काढून टाकण्यासाठी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, जोराने मागे ओढावी लागते. मेहुणे म्हणतील, त्यात काडतुसे जास्त मावतात. ते खरे आहे, पण ती भरणार कोण? रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातली सहा घरे सहज भरता येतात आणि काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. त्याचा चाप मात्र जड असतो. घोडा, म्हणजे काडतुसावर आघात घडवणारा मागचा खटका, आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, परंतु ते कामही अंगठ्याचेच. म्हणून घोड्याला हात न लावता, तर्जनीनेच पूर्ण चाप ओढता येतो का, हे पाहावे.

हलकेपणाबाबत विक्रेत्याशी मी सहमत नाही. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे भारतीय बनावटीचे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, तर २०२३ चे ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे, दोन्हींत काडतूस .३२ चेच, त्यामुळे हलक्या शस्त्राचा धक्का मनगटाला अधिक जाणवतो आणि जड चाप ओढताना त्याची नळीही अधिक हलते. वजन कमी असण्याचा फायदा ते पर्समध्ये वागवणाऱ्याला होतो; आपले तर कपाटात राहणार.

दुकानात शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला रोखून, चाप सलग दहा वेळा ओढून पाहावा. मूठ न सरकवता तर्जनीचे पहिले पेर चापावर बसले पाहिजे आणि दहाव्या वेळीही नळीचे टोक ढळता कामा नये. वाचनाचा चष्मा न लावता पुढची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, दिसते का, हेही तेव्हाच तपासावे. रात्री दोन वाजता चष्मा शोधायला कोणाला सवड असते?

गोळी प्लायवूडचे पार्टिशन किंवा साधे दार भेदून पलीकडे जाऊ शकते, आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये पलीकडे बहुधा माणूसच असतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. शस्त्र कुलुपात असावे आणि किल्ली नातवंडांना ठाऊक नसावी.

दहा वेळा चाप ओढताना अंगठा किंवा मनगट कुरकुरले, तर त्या दिवशी खरेदी न करता परत यावे आणि तूर्त भक्कम सेफ्टी डोअर बसवून घ्यावे.