मोफत दिलेला बेड विकायला निघाला, तर?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडील गेल्यावर त्यांचा फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा रुग्णाचा बेड) आणि हवेची गादी कुणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून ताईंनी परिसरातल्या ‘द्या-घ्या’ व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘बाबांसाठी घेतलेला बेड व गादी मोफत देणे आहे. गरजूंनीच संपर्क साधावा.’ तिघांनी विचारलं. त्यातल्या एकाने ग्रुपवरच उत्तर दिलं, ‘मला हवा आहे, सासूबाई पडून आहेत,’ आणि त्याच संध्याकाळी तो टेम्पो घेऊन दारात हजर झाला. ७ आठवड्यांनी तोच बेड जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर १४ हजारांना विकायला लागलेला दिसला. बेडच्या कठड्याला ताईंच्या आईने आपल्या जुन्या साडीची हिरवी पट्टी गुंडाळली होती, बाबांचा हात थंड लोखंडाला लागू नये म्हणून. जाहिरातीतल्या फोटोत ती पट्टी तशीच होती. ताईंनी फोन केला, खूप बोलल्या. पलीकडून उत्तर आलं, ‘तुम्ही फुकट दिलात, आता तो माझा आहे.’ पुढे दोन आठवड्यांनी जाहिरात गायब झाली. या सगळ्याला आता ५ महिने झाले. ताई विचारतात, ही चोरी नाही का? पोलीस बेड परत मिळवून देतील का? आणि त्या माणसाचा फोटो नि नंबर सगळ्या ग्रुपांवर टाकू का?

वस्तू बदलते, पत्र तेच असतं. कधी पाळणा, कधी शिलाई मशीन, कधी मुलाच्या बारावीच्या पुस्तकांचा गठ्ठा.

ताई, चोरीचं आधी संपवू. दार तुम्ही उघडलंत, बेड उचलताना लिफ्ट धरून ठेवलीत असं तुम्हीच लिहिलंय. चोरी नाही.

आता मुख्य मुद्दा. दान देताना हातावर पाणी सोडायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. उदक सोडलं की वस्तूवरचा हक्क सुटला. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा, पण या बाबतीत तो हेच म्हणतो. मोबदला न घेता, आपखुशीने वस्तू दिली आणि समोरच्याने ती स्वीकारली की ते कलम १२२ प्रमाणे बक्षीस होतं. घराचं बक्षीसपत्र नोंदवावं लागतं. बेडसारख्या जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूला कलम १२३ खाली नुसता ताबा दिला तरी पुरतं. टेम्पो तुमच्या फाटकाबाहेर पडला तेव्हा बेड त्याच्या मालकीचा झाला होता. मालकाला विकायचा अधिकार असतो. ‘विकू नका’ असं तुम्ही लिहिलं असतंत तरी फार फरक पडला नसता, कारण मालकी देऊन वर ‘कधीच कुणाला विकायचं नाही’ अशी अट घातली, तर कलम १० ती अट शून्य ठरवतं. काही काळापुरत्या किंवा मर्यादित बंधनाबद्दल न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत, त्यात तुम्हाला ओढत नाही. दिलेलं बक्षीस आपल्या मर्जीने परत मागायची सोय कलम १२६ देत नाही. अमुक घटना घडली तर वस्तू परत, असं देतानाच दोघांत ठरलं असेल आणि ती घटना देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्या दोघांत तसं काहीच ठरलं नव्हतं. (मुस्लिम कायद्यातल्या हिब्याचे, म्हणजे बक्षिसाचे, नियम निराळे आहेत, ते इथे घेत नाही.)

इथवर त्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे. ऐकायला कडू लागेल, पण उगाच आशा लावून तुम्हाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवण्यात मला रस नाही.

तुमच्या बाजूने एकच गोष्ट उभी आहे. त्याने ग्रुपवर लिहिलेली ती ओळ, ‘सासूबाई पडून आहेत.’ तुम्ही पत्रात ती जाता जाता लिहिलीत आणि विक्रीच्या किमतीवर दोन परिच्छेद खर्च केलेत. किंमत विसरा. १४ हजारांना विकला काय नि १०० रुपयांना भंगारात घातला काय, कायद्याला सारखंच. ती ओळ लिहिली त्या दिवशी खरी होती की खोटी, सगळं त्यावर ठरणार आहे.

ती खोटी असेल, तर तिच्यामुळेच तुम्ही तिघांतून त्याला निवडलंत आणि बेड हवाली केलात. खोटं सांगून, लबाडीने वस्तू द्यायला लावणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. पूर्वी जिला लोक ‘चारशेवीस’ म्हणायचे तीच. पोटकलम ४ खाली शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय कपटाने मिळवलेली संमती करारात जशी मोडता येते, तसं बक्षीसही रद्द करता येतं, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ च्याच दुसऱ्या भागात आहे. पण ती ओळ खरी असेल, सासूबाई खरोखर पडून असतील, त्या बेडवर झोपल्या असतील आणि महिन्याभरात गेल्या असतील, तर? मग गरज संपल्यावर त्याने आपली वस्तू विकली, एवढंच उरतं. हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे की लबाडीचा हेतू अगदी सुरुवातीपासून असायला हवा. नंतर बदललेली बुद्धी म्हणजे फसवणूक नव्हे.

आणि ताई, हे मला लिहावंच लागेल. तुम्ही त्याला फोन केलात, त्याला नाही नाही ते बोललात, पण सासूबाई कशा आहेत हे विचारलं नाहीत. तुमच्या चार पानी पत्रात त्या बाईंचा पुढे उल्लेखच नाही. वकील म्हणून मला तो प्रश्न हवा होता, कारण त्याच्या उत्तरावर तुमची केस आहे. माणूस म्हणूनही हवा होता. बेड तुम्ही ज्यांच्यासाठी दिलात त्या याच होत्या ना? गरीब घरात मोठं आजारपण झालं की मागे दवाखान्याची बिलं राहतात. रुग्ण गेल्यावर बेड विकून त्यातलं एखादं बिल कुणी फेडलं असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. फुकट मिळालेली वस्तू वापरून झाल्यावर विकणं, मोडकी वस्तू स्वतःच्या पैशाने नीट करून विकणं, यात मला काही गैर वाटत नाही. टेम्पोचं भाडं त्याने दिलं, चार मजले उतरवायची हमाली त्याने दिली, आणि तुमची खोली मोकळी झाली. गैर आहे ते गरजेचं खोटं नाव पुढे करून दुसऱ्याची जागा घेणं. तुम्हाला त्या दिवशी आणखी दोघांनी विचारलं होतं. त्यातल्या एका काकांना तुम्ही ‘बेड गेला’ म्हणून सांगितलंत. सासूबाईंची गोष्ट खोटी असेल, तर सगळ्यात जास्त लुबाडले गेले ते काका. आणि त्यांना कुठल्याच कलमाखाली दाद मागता येत नाही, कारण बेड कधी त्यांचा नव्हताच. याची मला खरोखर चीड येते.

मग ती ओळ खरी की खोटी, हे शोधायचं कसं? त्या ॲपवर त्याच माणसाच्या खात्यात दोन वॉकर आणि एक कमोडची खुर्चीही होती, असं तुम्ही लिहिलंय. अशा वस्तू पुन्हा पुन्हा ‘घरी रुग्ण आहे’ म्हणून फुकट मिळवायच्या आणि विकायच्या, हा शिरस्ता दिसला, तर सुरुवातीपासूनचा हेतू दाखवायला ते मोलाचं आहे. द्या-घ्या ग्रुपवर त्याने आधी कुणाकुणाकडे काय मागितलं, ते शोधा. शांतपणे त्या लोकांशी बोला. पण नुसत्या खात्यावरून निष्कर्ष काढू नका, तो जुन्या वस्तूंचा साधा व्यापारीही असेल.

आता उशिराबद्दल. तुमच्या नि त्याच्यातल्या खासगी चॅटला ९० दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग होती आणि ते सगळं गेलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तुम्ही काढला नाहीत, बहिणीने काढला. बेडचं बिल ‘कुठेतरी असेल’. तुम्ही ५ महिने ग्रुपवर हळहळ व्यक्त करत बसलात आणि पुरावा तेवढ्या वेळात विरघळला. हे पहिल्या आठवड्यात केलं असतंत, तर आज आपण वेगळं बोलत असतो. वस्तू विकली जाण्याआधी ‘माझी संमती फसवून घेतली, बक्षीस रद्द करते’ असं लेखी कळवणं फार महत्त्वाचं असतं. माल विक्री कायद्याचं कलम २९ सांगतं की रद्द होऊ शकणाऱ्या कराराखाली मिळालेला माल, करार रद्द होण्याआधी कुणी प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना विकत घेतला, तर त्याला चांगली मालकी मिळते. कलम करारासाठी लिहिलंय, बक्षिसाला ते जसंच्या तसं लागेल का यावर युक्तिवाद करता येईल. पण त्या युक्तिवादाच्या भरवशावर राहू नका. तुम्ही लेखी काही कळवलं नाहीत, जाहिरात उतरली, म्हणजे बहुधा बेड विकला गेला. आज त्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी आईवडील झोपले असतील. तो बेड त्यांच्याखालून काढून आणायचा आहे का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मी तुमच्या जागी असतो तर बेडचा नाद सोडून, फसवणूक सिद्ध होत असेल तरच, त्या माणसाकडून पैसे मागितले असते.

सुदैवाने त्याची ती ओळ ग्रुपवर आहे आणि ग्रुपला ती सेटिंग नाही. आज रात्रीच ते संपूर्ण संभाषण तारखांसह एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन विकू नका, रीसेट करू नका. बहिणीकडची मूळ फाइल तिच्याच फोनमध्ये राहू द्या. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ते वकिलाकडून करून घ्या. साडीची पट्टी दिसणारा घरातला एखादा जुना फोटो असेल तर तोही शोधा. बाबा बेडवर बसलेत आणि मागे कठडा आहे, असा असेलच कुठेतरी. बेड तोच, हे त्या पट्टीइतकं चांगलं कुणी सांगणार नाही.

मग त्याला एक साधा, लेखी संदेश पाठवा. सासूबाईंची चौकशी करा आणि बेड का विकला ते विचारा. शिव्या नकोत, धमकी नको. उत्तर काय येतं त्यावर पुढचं ठरेल. ते गोलमोल असेल आणि शिरस्ता सापडला, तर कलम ३१८ ची लेखी तक्रार द्या. तक्रारीत ‘विश्वासघात’ हा शब्द घालू नका. न्याय संहितेच्याच कलम ३१६ चा फौजदारी विश्वासघात होण्यासाठी वस्तू सोपवलेली असावी लागते, तुम्ही ती देऊन टाकली होती. ठाण्यांत दोन्ही कलमं एका दमात लिहायची सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात सांगितलं की एकाच घटनेतून दोन्ही गुन्हे एकत्र उभे राहू शकत नाहीत. तरी सवय जात नाही, आणि मग आरोपीचा वकील त्याच फटीतून निसटतो.

दिवाणी दाव्याचा विचार १४ हजारांसाठी करू नका. तारखा मोजता मोजता तुमचं वय वाढेल, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण छोट्या रकमेचा अन्याय छोटा नसतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेसाहाय्य मिळतं, आणि दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तो माणूस येईलच असं सांगता येत नाही.

फोटो आणि नंबर ग्रुपांवर टाकू नका. सासूबाई खरंच आजारी होत्या असं निघालं, तर न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ खाली आरोपी तुम्ही असाल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बाबांची व्हीलचेअर अजून गॅलरीत आहे आणि ‘आता कुणाला काही द्यायची इच्छाच उरली नाही’. द्या, ताई. मात्र देऊन टाकायची की वापरायला द्यायची, हे आधी मनाशी ठरवा. देऊन टाकलीत तर ती पुढे कुठे जाते हे बघू नका. वापरायला द्यायची असेल तर मालकी तुमची राहते. करार कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे बिनमोबदला वापरायला दिलेली वस्तू केव्हाही परत मागता येते, मुदत ठरवून दिली असेल तर मुदतीआधी मागताना थोडी जबाबदारी येते. आणि तशी घेतलेली खुर्ची कुणी विकली, तर मात्र ३१६ चा विश्वासघात उभा राहतो. गावोगावची रुग्णसाहित्य केंद्रं अनामत घेऊन हेच करतात. त्यांच्याकडे दिलीत तर परत आणणं, पुसणं, पुढच्याला देणं ही दगदग तुमच्यामागे राहणार नाही.

स्वतः देणार असाल, तर ज्या काकांना ‘बेड गेला’ म्हणालात त्यांना आधी विचारा. आणि ती नेताना त्यांच्या फोनवर एवढं पाठवून ‘हो’ असं उत्तर घ्या: ‘व्हीलचेअर वापरण्यासाठी दिली आहे. मालकी माझी आहे. गरज संपली की कळवावे, मी ती दुसऱ्या रुग्णाला देईन.’