वाचकांचे प्रश्न : रेप्लिका थांबते कशामुळे आणि मागे पडते कशामुळे?

प्रश्न : आमच्याकडे मायएसक्यूएल ८.० या डेटाबेस प्रणालीचे दोन सर्व्हर असून त्यांच्यात रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरवरील बदल दुसऱ्यावर (रेप्लिकेवर) आपोआप उतरवणे, सुरू केले आहे. त्यासाठी जीटीआयडी पद्धत वापरली आहे, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला (एकत्रित लागू होणाऱ्या बदलांच्या गटाला) स्वतःचा क्रमांक मिळतो. आठवडाभर सर्व सुरळीत चालल्यानंतर रेप्लिका १०६२ क्रमांकाचा, म्हणजे ‘डुप्लिकेट एंट्री’चा, एरर देऊन थांबली. सहकाऱ्याच्या सल्ल्याने तेवढे ट्रान्झॅक्शन वगळून पुढे गेलो. परंतु आता १०३२ हा एररही वारंवार येऊ लागला आहे. हे दोन्ही एरर कायमचे दुर्लक्षित करण्याची सेटिंग लावावी का?

उत्तर : लावू नये. मुख्य सर्व्हरवर नव्याने घातलेल्या नोंदीची ‘की’ (नोंद ओळखण्याचे एकमेव मूल्य) रेप्लिकेवर आधीच वापरात असेल तर १०६२ येतो आणि जी नोंद बदलायची किंवा काढून टाकायची आहे ती रेप्लिकेवर नसेल तर १०३२ येतो. दोन्हींचा अर्थ एकच, की दोन्हीकडचा डेटा सारखा राहिलेला नाही. जीटीआयडी पद्धतीत त्या क्रमांकाचे रिकामे ट्रान्झॅक्शन घालून मूळ ट्रान्झॅक्शन वगळतात, तेव्हा ते संपूर्णच वगळले जाते. त्यात एक नोंद वादग्रस्त आणि बाकीच्या निर्दोष असल्या, तरी त्या निर्दोष नोंदीही रेप्लिकेवर पोहोचत नाहीत आणि पुढे मुख्य सर्व्हरवर त्यांच्यात बदल झाला की रेप्लिकेवर १०३२ उभा राहतो. आपल्याकडे दुसरा एरर पहिल्याच्या मागोमाग आला, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

मूळ फरक कोठून आला, हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे. बॅकअप एका क्षणाचा आणि रेप्लिकेशनचा आरंभबिंदू दुसऱ्या क्षणाचा असला तरी असे होते, पण त्यातून उद्भवणारा १०६२ सहसा सुरुवातीलाच दिसतो. आठवडाभराने तो आला असेल, तर कोणीतरी थेट रेप्लिकेवर लिहिले असण्याची शक्यता जास्त आहे. ‘रीड ओन्ली’ चालू होते, असे यावर हमखास सांगितले जाते; मात्र ती सेटिंग प्रशासकीय अधिकार असलेल्या खात्याला अडवत नाही, आणि देखभालीच्या स्क्रिप्ट नेमक्या अशाच खात्यातून चालवल्या जातात. त्यासाठी ‘सुपर रीड ओन्ली’ चालू ठेवावे लागते. पुरावाही हाताशी असतो : प्रत्येक जीटीआयडीच्या सुरुवातीला ते ट्रान्झॅक्शन जिथे जन्मले त्या सर्व्हरचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा एकमेव ओळख-क्रमांक, असतो. रेप्लिकेवरील ‘जीटीआयडी एक्झिक्युटेड’च्या (लागू झालेल्या ट्रान्झॅक्शनच्या) यादीत रेप्लिकेचा स्वतःचाच यूयूआयडी दिसला, तर तिच्यावर स्थानिक लेखन झाले आहे. बायनरी लॉग, म्हणजे सर्व्हरवरील बदलांची नोंदवही, उघडून त्या ट्रान्झॅक्शनने काय बदलले, हेही पाहता येते.

डेटाबेस मोठा नसेल, तर फरक दुरुस्त करत बसण्यापेक्षा रेप्लिका नव्याने उभारावी, असे माझे मत आहे. बॅकअपसाठी मायएसक्यूएल-डम्प हे साधन वापरताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे बॅकअप एकाच क्षणाचा मिळतो. ही हमी इनोडीबी या साठवण-इंजिनच्या टेबलांपुरतीच असते. डेटाबेस फार मोठा असेल, तर पर्कोनाचे पीटी-टेबल-चेकसम हे साधन चालवून कोणत्या टेबलांत तफावत आहे ते आधी निश्चित करावे.

प्रश्न : रेप्लिकेची स्थिती पाहिली, तर ती शून्य सेकंद मागे असल्याचे दिसते, तरीही नुकतीच भरलेली माहिती तिथे सापडत नाही. उलट रात्री जुन्या नोंदी काढून टाकण्याचे काम झाले, की हाच आकडा हजारांत जातो. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

उत्तर : रेप्लिकेवर दोन वेगळी कामे चालतात. एक थ्रेड (सर्व्हरमध्ये स्वतंत्रपणे चालणारे काम) मुख्य सर्व्हरचा बायनरी लॉग आणून रेप्लिकेवरच्या रिले लॉग या फाइलमध्ये लिहितो आणि दुसरा रिले लॉग वाचून बदल लागू करतो. ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ हा आकडा मुख्यतः दुसऱ्या थ्रेडची पिछाडी सांगतो. नेटवर्क संथ असल्यामुळे पहिलाच मागे राहिला आणि दुसऱ्याने हाती आलेले सर्व संपवले, तर आकडा शून्य दिसतो. म्हणून मुख्य सर्व्हरवरील एका लहान टेबलात दर सेकंदाला वेळ नोंदवावी आणि रेप्लिकेवर पोहोचलेली वेळ घड्याळाशी ताडून पाहावी. दोन्ही सर्व्हरची घड्याळे जुळलेली असावीत, हे ओघानेच आले.

रात्रीच्या कामाबाबत पहिली शंका ‘प्रायमरी की’ (टेबलातील प्रत्येक नोंदीची मुख्य ओळख) नसलेल्या टेबलाची घ्यावी. ‘रो’ पद्धतीच्या बायनरी लॉगमध्ये काढून टाकलेली प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे लिहिलेली असते आणि उपयोगी इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्याची सूची) नसेल, तर ती शोधण्यासाठी रेप्लिकेला टेबल पुन्हा पुन्हा चाळावे लागते. मुख्य सर्व्हरवर एकाच फेरीत उरकलेले काम तिथे तासन्‌तास रेंगाळते ते यामुळे. शिवाय ट्रान्झॅक्शन कमिट (पक्के) झाल्यावरच बायनरी लॉगमध्ये उतरते, त्यामुळे मोठे ट्रान्झॅक्शन रेप्लिकेवर मुळातच उशिरा सुरू होते. प्रायमरी की द्यावी आणि नोंदी काही हजारांच्या तुकड्यांनी काढाव्यात.

वापरकर्त्याला स्वतः आत्ताच भरलेली माहिती दाखवायची असेल, तर ती मुख्य सर्व्हरवरूनच वाचावी. सेमी-सिंक्रोनस रेप्लिकेशननेही, ज्यात मुख्य सर्व्हर रेप्लिकेकडून पोच येण्याची वाट पाहतो, ही अडचण सुटत नाही. त्यातील पोच बदल रिले लॉगमध्ये पोहोचल्याची असते, लागू झाल्याची नव्हे.

प्रश्न : चालू रेप्लिकेच्या व्हर्च्युअल मशीनची नक्कल करून दुसरी रेप्लिका केली. आता दोन्हींचे कनेक्शन आळीपाळीने तुटते.

उत्तर : दोन्हींची ओळख एकच झाली आहे. त्याच ओळखीची दुसरी रेप्लिका जोडली गेली, की मुख्य सर्व्हर पहिलीचे कनेक्शन बंद करतो, आणि हे आलटून पालटून चालू राहते. नव्या मशीनवर सर्व्हर आयडी बदलावा, मायएसक्यूएल बंद करून डेटा डिरेक्टरीतील ‘ऑटो.सीएनएफ’ ही फाइल काढून टाकावी आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. नवा यूयूआयडी आपोआप तयार होतो.